दुर्गाबाईंच्या बोटातलं पाकीट

पंजाबराव इंगोले यांनी आयुष्यात फारसे निर्णय घेतलेले नाहीत. पंचायत समितीत चौतीस वर्षं कारकुनी केली, तिथे निर्णय साहेब घेत आणि पंजाबराव त्यावर जावक क्रमांक टाकत. घरी निर्णय दुर्गाबाई घेत. (तिथे जावक क्रमांकाचीही गरज नसे.) त्यामुळे निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, अमरावतीच्या साईनगरातल्या स्वतःच्या घरात त्यांनी जो एक निर्णय घेतला, तो त्यांना झेपला नाही यात नवल नाही. तसा निर्णय अगदी छोटा होता. तोंड उघडायचं नाही, एवढाच.

त्याचं असं झालं. मुलगा अश्विन पुण्याला कंपनीत. वडिलांनी मोबाइलवरून पैसे द्यायला शिकावं म्हणून त्याने वर्षभर जीव टाकला होता. पण पंजाबरावांचा आणि पिनचा छत्तीसचा आकडा. किराणा दुकानात चार माणसं मागे उभी राहिली की त्यांना पिन सोडून सगळे आकडे आठवत. जुन्या स्कूटरचा नंबर, दहावीचा आसनक्रमांक, झालंच तर १९९४ सालच्या एका फाइलचा जावक क्रमांकसुद्धा. तीनदा चुकला की फोन रुसून बसे आणि मागून कोणीतरी म्हणे, "काका, होईन का आजच्या तारखेत?"

शेवटी अश्विनने पुण्याहून एक अंगठी पाठवली. काळी, चकचकीत, कडेला बारीक सोनेरी रेघ. तिच्यात नक्की काय असतं ते त्याने फोनवर अर्धा तास समजावलं. पंजाबरावांना कळलं ते एवढंच, की दुकानातल्या कार्डाच्या मशीनला मूठ टेकवायची, टीं वाजतं, पैसे जातात. चार्जिंग नको. पाच हजारांच्या आत असेल तर पिनही नको. "दहा हजार भरून ठेवले आहेत बाबा. पैसे गेले की मेसेज तेवढा तुमच्या फोनवर येईल."

मंगळवारी कुरियर आलं. पंजाबरावांनी अंगठी तर्जनीत घालून पाहिली, बरोबर बसली. मग तिच्यासोबतचा कागद वाचावा म्हणून ती परत मखमली डबीत ठेवली आणि चष्मा शोधायला ते आत गेले. चष्मा मिळायला सात-आठ मिनिटं लागली. (तो कपाळावर होता.) बाहेर येऊन पाहतात तर दुर्गाबाई दारातल्या उजेडात उभ्या होत्या, उजवा हात समोर धरून. अनामिकेत अंगठी. पंजाबरावांची तर्जनी आणि छत्तीस वर्षं ज्वारीच्या भाकरी थापलेली दुर्गाबाईंची अनामिका यांचं माप एकच निघावं, हा पंजाबरावांच्या तब्येतीचा दोष.

"अवो," दुर्गाबाई म्हणाल्या, "मले वाटलं, तुमी इसरले."

आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता इथे थोडं मागे जायला हवं. दुर्गाबाईंच्या लग्नात त्यांच्या आईने त्यांना अर्ध्या तोळ्याची अंगठी केली होती. अश्विनच्या इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनला सहा हजार कमी पडले, तेव्हा दुर्गाबाईंनी मोरीत जाऊन बोटाला साबण लावला, अंगठी काढली, पदराला पुसली आणि पंजाबरावांच्या हातावर ठेवली. एकदाच विचारलं, "परत कवा?" पंजाबराव म्हणाले, "पुढच्या महिन्यात."

त्याला सोळा वर्षं झाली. मध्ये ज्योत्स्नाचं लग्न झालं, घराचा स्लॅब पडला, पंजाबरावांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. प्रत्येक वेळी अंगठी एकेक महिना पुढे गेली. दुर्गाबाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं, भांडल्या असत्या, तर पंजाबरावांना बरं वाटलं असतं. पण त्या आपल्या मोकळ्या बोटांनी भाकरी थापत राहिल्या आणि पंजाबराव खाली मान घालून त्या खात राहिले. सोळा वर्षांत बायकोच्या उजव्या हाताकडे त्यांनी धड पाहिलं नव्हतं.

आणि आज तो हात समोर होता.

"अवं, ते..." पंजाबरावांनी सुरुवात केली.

"काई बोलू नोका," दुर्गाबाई म्हणाल्या. "काया रंगाची हाय तं काय झालं. पोतीत काये मनीच असते ना? बराबर बसली पाहा. माप कवा घेतलं तुमी माह्यं?"

इथेच तो निर्णय झाला. पंजाबरावांनी तोंड मिटलं.

त्या दिवशी दुर्गाबाईंनी अंगठीला हळदीकुंकू लावलं, देवापुढे हात धरला आणि शिरा केला. पंजाबरावांनी दोनदा मागून खाल्ला, कारण तोंडात शिरा असला की बोलावं लागत नाही.

दुपारी गच्चीवर जाऊन त्यांनी अश्विनला फोन लावला.

"आईनं अंगठी घातली."

"मग मागून घ्या ना बाबा."

"तूच येऊन माग."

(अश्विनला आईचा सोळा वर्षांपूर्वीचा साबणाचा हात आठवला असावा. त्या वेळी तो मोरीच्या दाराशीच उभा होता.) मग तो हळूच म्हणाला, "बरं. मग ती बंद करून टाका. ॲपमध्ये ब्लॉक म्हणून आहे. नुसती अंगठी राहील."

पंजाबरावांनी ॲप उघडलं. अंगठी ब्लॉक करायला पिन लागत होता. तो त्यांनी तीनदा टाकला. ॲप ब्लॉक झालं, अंगठी मोकळीच राहिली.

चौथ्या दिवशी दुर्गाबाई गुडघ्याचं मलम आणायला मेडिकलमध्ये गेल्या. घरी झोपाळ्यावर बसलेल्या पंजाबरावांच्या खिशात फोन वाजला. दोनशे बारा रुपये गेले होते. मलम साठाचं. पंजाबराव चपला उलट्या घालून धावत सुटले. तिथे मेडिकलवाला एका अनोळखी माणसाला सांगत होता, "झालं दादा तुमचं पेमेंट," आणि तो माणूस आपल्या हातातल्या कार्डाकडे बघत होता, की हे अजून मशीनला लावलंच नाही. दुर्गाबाई काउंटरवर हात टेकवून उभ्या होत्या. हाताखाली मशीन.

"तुमी काहून धावत आले?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"तू... तू काउंटरपासून हात मांगं ठेवत जा वं," पंजाबराव धापा टाकत म्हणाले. "दिवस चांगले नाहीत. कोनी अंगठी पाह्यली म्हंजे?"

"एवढी महागाची हाय काय?"

"दहा हजाराची," पंजाबराव म्हणाले. खोटं त्यांना बोलता येत नसे. आत दहा हजारच भरले होते.

घरी जाताना दुर्गाबाईंनी हात पदराखाली घेतला आणि वाटेत दोनदा नवऱ्याकडे वळून पाहिलं. आपला माणूस आपल्या अंगठीपायी चपला उलट्या घालून धावत येतो, हे त्यांना फार आवडलं होतं. त्यांना आवडलं हे पंजाबरावांना कळलं, आणि त्यामुळे खरं सांगणं आणखी अवघड होऊन बसलं.

ती काढून ठेव, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. भांडी घासताना झिजेल म्हणाले, पिठात पडेल म्हणाले. "निंघतच नाई," दुर्गाबाई बोट दाखवून म्हणत. "रुतून बसली. अन् निंघाली तरी काढाची नाई मले."

अशा अवस्थेत अकोल्याला जायचं आलं.

अकोल्याला लेक ज्योत्स्ना दिलेली. नात आचल वर्षाची झाली, तिचा वाढदिवस. व्याही शेषराव यांचं बियाण्यांचं दुकान. माणूस दिलदार, पण पाहुणचाराच्या बाबतीत अतिशय कडक. त्यांच्या गावात पाहुण्याने खिशात हात घातला तर त्यांना तो सरळ अपमान वाटे. एकदा पंजाबरावांनी स्टेशनवरून घरी येताना ऑटोचे साठ रुपये स्वतः दिले, तर शेषराव जेवणाच्या ताटावर दोन दिवस त्याच विषयावर होते. त्यांच्या पत्नी पार्बताबाई स्वभावाने गरीब. दुर्गाबाईंनी आल्या आल्या त्यांना अंगठी दाखवली. सोळा वर्षांपूर्वीचा साबण, सहा हजार, 'पुढच्या महिन्यात' आणि परवाची मखमली डबी, सगळी हकिगत अर्धा तास चालली. पार्बताबाईंनी डोळे पुसले आणि शेषरावांकडे अशा नजरेने पाहिलं, की शेषराव उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले. सकाळीच घालून झालं होतं.

वाढदिवस झाला. दुसऱ्या दिवशी आहेराची साडी घ्यायला शेषराव सगळ्यांना कापडाच्या मोठ्या दुकानात घेऊन गेले. दुर्गाबाईंसाठी मोरपंखी साडी ठरली. किंमत चार हजार सहाशे पन्नास.

आता आपल्याकडे आहेर मुकाट्याने घेतला तर माणूस हावरट ठरतो. नको म्हणावंच लागतं. आणि नुसतं तोंडाने म्हणून भागत नाही, पैसे द्यायच्या जागी हात आडवा घालावा लागतो. समोरच्याने तो हात बाजूला करायचा, आपण परत घालायचा, असं दोन-तीनदा झालं म्हणजे दोन्ही घरांची शोभा राहते. दुर्गाबाई चांगल्या घरातल्या. काउंटरवरच्या पोराने मशीनवर आकडा टाकला, शेषराव पाकिटातून कार्ड काढू लागले, तशा त्या पुढे झाल्या.

"नाई नाई इवाई, कायले एवढी महागाची!" असं म्हणून त्यांनी उजवा हात धाडकन मशीनवर ठेवला.

टीं.

"झालं पेमेंट," काउंटरवरचा पोरगा म्हणाला आणि साडी पिशवीत घालू लागला.

शेषरावांचं कार्ड अजून पाकिटातून अर्धंच बाहेर आलं होतं. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. मग त्यांची नजर दुकानाच्या दाराशी उभ्या असलेल्या पंजाबरावांवर गेली. पंजाबरावांच्या खिशातला फोन नुकताच वाजला होता आणि ते तो घाईघाईने दाबत होते.

"इवाई!" शेषराव गरजले. साड्या पाहणाऱ्या चार बायका वळल्या. "मोबाइलवरून देल्ले? दुरून? माह्या गावात?"

पंजाबरावांपुढे दोन वाटा होत्या. एक, अंगठीचं खरं सांगायचं. दुर्गाबाईंच्या समोर, आणि ज्यांच्याजवळ त्यांनी काल अर्धा तास ती हकिगत सांगितली त्या पार्बताबाईंच्या समोर. दुसरी, व्याह्यांचा अपमान अंगावर घ्यायचा. त्यांनी दुर्गाबाईंच्या हाताकडे पाहिलं. त्या गोंधळून अंगठी बोटात गोल गोल फिरवत होत्या.

"हाव," पंजाबराव म्हणाले. "देल्ले मी."

"काहून? आमाले भिकारी समजता? आमच्या घरी तुमची लेक हाय, तिले आमी उपाशी ठेवतो काय?"

"बाबा, राहू द्या ना," ज्योत्स्ना सासऱ्यांना म्हणाली. तिच्या कडेवरची आचल आजोबांचा आवाज ऐकून रडू लागली होती.

दुर्गाबाई नवऱ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अवो, काय केलं हे? लेकीचं घर हाय, एवढं तं कळाले पायजे!" पंजाबरावांनी मान खाली घातली. हे बोलणं त्यांना साडीच्या किमतीपेक्षा जास्त लागलं. ज्या बाईसाठी तोंड मिटलं, तीच रागावली होती.

शेषरावांनी तिथल्या तिथे शिक्षा सुनावली. आता सगळ्यांनी कचोरी खायला यायचं, आणि पैसे शेषराव देणार. "अन् तुमचा काई भरवसा नाई," ते पंजाबरावांना म्हणाले. "आना तो मोबाइल इकडे. पाकीटबी आना. जप्त!" पंजाबरावांनी दोन्ही वस्तू दिल्या. शेषरावांनी पाकीट पॅन्टच्या मागच्या खिशात आणि मोबाइल शर्टच्या वरच्या खिशात घातला, आणि खिशावर दोनदा थापटून खात्री करून घेतली.

कचोरी झाली, लस्सी झाली. शेषरावांचा राग उतरला. पंजाबरावांनीही दोन घास सुखाने खाल्ले. आपल्याजवळ काहीच उरलेलं नाही, म्हणजे आता काही बिघडूही शकत नाही, असा त्यांचा हिशेब. हात धुवायला ते मागच्या नळावर गेले, आणि तोंडावर पाणी मारताना त्यांच्या लक्षात आलं, की मशीन पुढे आहे, दुर्गाबाई पुढे आहेत, आणि आपण मागे आहोत.

ते ओल्या हातांनी धावले. वाटेत टेबलं होती, खुर्च्या होत्या, लस्सीचे पेले नेणारा एक माणूस होता. त्या माणसाला वळसा घालून ते काउंटर गाठेपर्यंत शेषरावांनी कार्ड काढलं होतं, आणि दुर्गाबाईंना वाटलं, मघाच्या प्रकाराने आपल्या घराची गेलेली शोभा आता आपणच सावरली पाहिजे. निदान आपल्याकडून तरी रीत सुटू नये.

"नोको वं, हात नोको!" पंजाबराव ओरडले.

"अवो, रीत असते!" दुर्गाबाई म्हणाल्या, आणि शेषरावांच्या कार्डापुढे हात आडवा घातला.

टीं.

आणि लगेच, जणू उत्तर द्यावं तसा, शेषरावांच्या शर्टाच्या खिशातला पंजाबरावांचा फोन वाजला.

शेषरावांनी खिशावर हात ठेवला. पंजाबरावांकडे पाहिलं. पंजाबरावांचे दोन्ही हात रिकामे होते आणि त्यांतून पाणी गळत होतं. शेषरावांनी फोन काढून ज्योत्स्नाच्या हातात दिला. "वाच माय," म्हणाले. "माह्या डोक्याच्या बाहेर गेलं हे."

ज्योत्स्नाने वाचलं. "'तुमच्या रिंगवरून चारशे साठ रुपये दिले गेले.'" ती थांबली. वरचाही मेसेज वाचला. "'तुमच्या रिंगवरून चार हजार सहाशे पन्नास...' बाबा, रिंग म्हणजे?"

पंजाबरावांची नजर जिथे गेली, तिथे सगळ्यांची नजर गेली.

दुर्गाबाईंनी आपला हात वर उचलला आणि पाहिला. मग मशीनकडे पाहिलं. मेडिकलचं दुकान, उलट्या चपला, 'हात मांगं ठेव', सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून एकामागून एक गेलं. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. पंजाबरावांना वाटलं, आता ही अंगठी काढेल आणि काउंटरवर ठेवेल. ठेवली असती तरी त्यांना तोंड नव्हतं.

दुर्गाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या पार्बताबाईंकडे वळल्या.

"तेच तं तुमाले सांगाचं राह्यलं, ईनबाई," त्या म्हणाल्या. "साधी अंगठी नोहे हे. पैसे असते यात. यायनं मले म्हटलं, आजलोक घरातला पैसा माह्या खिशात होता, आता तुह्या बोटात. मंग म्या म्हटलं, इवायाले जरा गंमत दाखवू."

मग पार्बताबाई शेषरावांकडे वळल्या.

"ऐकलं?" त्या म्हणाल्या. एकच शब्द. पण तो त्या गेली तीस वर्षं जपून ठेवत आल्या असाव्यात, असा निघाला.

शेषरावांचा उरलासुरला राग जागच्या जागी विरला. त्यांना आता स्वतःचीच काळजी पडली होती. ते स्टेशनवर पोचवायला आले. गाडी सुटताना फक्त म्हणाले, "इवाई, तुमी आमची पंचाईत करून ठेवली."

गाडीत खिडकीजवळ दुर्गाबाई, शेजारी पंजाबराव. मूर्तिजापूर आलं. मांडीवर मोरपंखी साडीची पिशवी.

"अश्विननं पाठवली ना?" दुर्गाबाईंनी बाहेर बघत विचारलं.

"हाव."

"तुमाले?"

"हाव."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

पंजाबरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सांगनार होतो वं. तू दारात उभी होती. 'मले वाटलं, तुमी इसरले,' असं म्हनली. मी नाई इसरलो. एक दिवस नाई इसरलो. भाकर वाढाले तुह्या हात समोर आला की मले ते बोट दिसे. अन् त्या दिवशी त्याच्यात अंगठी दिसली. तं मले वाटलं, राहू दे. दोन दिवस तरी राहू दे." ते पिशवीकडे बघत म्हणाले, "माह्यी चुकी झाली."

दुर्गाबाई म्हणाल्या, "म्हंजे ज्याच्या फीसाठी गेली, त्यानंच पाठवली."

"त्यानं मले पाठवली."

"तुमाले पाठवली अन् मले भेटली. घरातच राह्यली ना?" असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि पदराआडून त्यांचे खांदे हलू लागले. पंजाबराव घाबरले. पण त्या हसत होत्या. "तो मेडिकलातला मानूस," त्या कशाबशा म्हणाल्या, "आपल्याच पैशाचं औषध खाऊन राह्यला असन!" मग पंजाबरावही हसले. समोरच्या बाकावरची बाई दोघांकडे बघतच राहिली.

बडनेऱ्याला उतरले तेव्हा पंजाबरावांना चहाची तलफ आली. फलाटावरच्या कॅन्टीनमध्ये दोन चहा सांगितले, आणि पैसे द्यायला खिशात हात घातला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मोबाइल ज्योत्स्नाने परत दिला, पाकीट मात्र शेषरावांच्या मागच्या खिशात बसून अकोल्यालाच राहिलं. मोबाइल होता; पण मोबाइलला पिन लागतो, आणि मागे चार माणसं उभी होती.

पंजाबरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. छत्तीस वर्षांत चार लोकांत त्यांनी बायकोचा हात धरला नव्हता. लग्नात धरला होता, तोही भटजींनी सांगितलं म्हणून.

"अवं," ते हळूच म्हणाले, "हात दे ना जरा."

दुर्गाबाईंनी हात पुढे केला. पंजाबरावांनी तो आपल्या हातात घेतला, अंगठीच्या बाजूने मशीनवर टेकवला. टीं वाजलं. हात सोडायला हरकत नव्हती. तो त्यांनी ऑटोत बसेपर्यंत सोडला नाही.

असं सगळं गोड झालं. पण प्रकरण इथे संपलं असतं तर दुर्गाबाई त्या दुर्गाबाई कसल्या.

पुढे पंधरा दिवस पंजाबराव मजेत होते. पाकीट अकोल्यात होतं, शेषराव फोनवर म्हणाले, "जेवाले या, मंग देतो." भाजी आणायची तर दोघं मिळून जात. अश्विनने अंगठीत आणखी पैसे भरले. आणि एका सकाळी दुर्गाबाई मोरपंखी साडी नेसून तयार झाल्या. "चाला," म्हणाल्या. "सराफ्यात जाचं हाय."

सोन्याचा भाव पंजाबरावांनी पेपरात वाचला होता. तो वाचून त्यांनी पेपर उलटा ठेवला होता. वाटेत त्यांनी मनातल्या मनात चार बेरजा केल्या. चारही वेळा उत्तर एकच आलं, आणि ते पेन्शनमध्ये बसत नव्हतं.

दुकानात सराफाने एक पुस्तिका काढून समोर ठेवली. दरमहा दोन हजार, अकरा महिने, मग तेवढ्याचं सोनं. "काकूंनी सगळं विचारून घेतलं आहे परवाच," तो पंजाबरावांना म्हणाला. "फक्त बोटाचं माप राह्यलं. ही अंगठी निघते का, काकू?"

"निंघत नाई ते," पंजाबराव तत्परतेने म्हणाले. "रुतून बसली."

दुर्गाबाईंनी दोन बोटांनी अंगठी धरली आणि सहज काढून सराफाच्या हातावर ठेवली.

पंजाबराव बघतच राहिले. "तू तं म्हनत होती, निंघत नाई?"

"तुमी मांगत होते, तवा नव्हती निंघत," दुर्गाबाई म्हणाल्या. माप झालं, अंगठी परत बोटात गेली, आणि तो हात ऐटीत मशीनवर टेकला. टीं. पंजाबरावांच्या खिशात फोन वाजला. तुमच्या रिंगवरून दोन हजार रुपये दिले गेले.

"मले विचारलं बी नाई?" पंजाबराव म्हणाले. आवाजात तक्रार फारशी नव्हती.

"सोया वर्षाआधी विचारलं होतं. तुमी काय म्हनले होते, आठवते?" दुर्गाबाई पुस्तिका पर्समध्ये ठेवत म्हणाल्या. "आज एक तारीख हाय."

छातीवरचं सोळा वर्षांचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं पंजाबरावांना हलकं वाटत होतं. (ते ओझं अश्विनच्या पैशांनी उचललं गेलं, हा भाग वेगळा.) बाहेर आले तेव्हा समोरच्या गाडीवर गिलावड्याचा घाणा नुकताच निघत होता. शेजारी कार्डाचं मशीनही होतं. पंजाबरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. एवढ्या मोठ्या दिवशी बायकोला आपल्याकडून काहीतरी खाऊ घालावं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"चाल," ते छाती काढून म्हणाले, "आज माह्याकडून गिलावडा. दोन प्लेट. हात दे."

दुर्गाबाईंनी हात पदराखाली घेतला.

"पुढच्या महिन्यात," त्या म्हणाल्या, आणि ऑटो पाहू लागल्या.